बेब डिड्रिक्सन झहारियास
मिल्ड्रेड एला डिड्रिक्सन झहारियास उर्फ बेब (२६ जून, १९११ : पोर्ट आर्थर, टेक्सास – २७ सप्टेंबर, १९५६ : गॅल्व्हेस्टन, टेक्सास) या अमेरिकन बास्केटबॉल, मैदानी क्रीडाप्रकार व गोल्फ खेळाडू होत्या.

नॉर्वेहून आलेल्या दांपत्याच्या या कन्येचे बालपण बोमॉन्ट येथे गेले. १९३० मध्ये डॅलसच्या एम्प्लॉयर्स कॅज्युअल्टी या विमा कंपनीने त्यांना नोकरी दिली. ती नावापुरती कचेरीतील होती. खरे काम गोल्डन सायक्लोन्स संघाकडून बास्केटबॉल खेळण्याचे होते. या संघाने १९३१ चे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

१९३२ च्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धेत कंपनीतर्फे एकट्या उतरून त्यांनी ३० गुणांसह सांघिक विजेतेपद पटकावले. २२ खेळाडूंचा उपविजेता संघ २२ गुणांवर राहिला. त्याच वर्षी लॉस एंजेलस ऑलिंपिकमध्ये त्यांनी भालाफेक व ८० मीटर अडथळा शर्यतीत सुवर्णपदके मिळवली. उंच उडीत जीन शायली यांच्याशी बरोबरी होऊनही उडीची पद्धत नियमबाह्य ठरल्याने त्यांना रौप्यपदक देण्यात आले.

पुढे त्या गोल्फकडे वळल्या. १९५० मध्ये स्थापन झालेल्या महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. १९५३ मध्ये आतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली. तरीही १९५४ ची अमेरिकन महिला खुली स्पर्धा त्यांनी १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली. आजार पुन्हा बळावून वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.