पंडिता रमाबाई : अंतरीचा स्वीकार



पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांतून आदराने घेतले जाते. त्यांची विद्वत्ता, त्यांचे शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन हे सारे आपणांस परिचित आहे. परंतु बाप्तिस्मा झाल्यावरही सुमारे आठ वर्षे त्यांच्या जिवास स्वस्थता नव्हती, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आज तीच आपल्यापुढे ठेवावीशी वाटते.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेने आपल्या लेकीला. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत असलेली ही मुलगी तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरली. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायपीट करीत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ निवर्तला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा आंतरजातीय विवाह झाला, आणि १८८२ साली पटकीने तेही गेले. पंडिता, विधवा, धर्मभ्रष्ट अशी जगाने दिलेली एकेक ओळख त्या तरुण स्त्रीच्या अंगावर चढत गेली. त्यांतली कोणती खरी?

१८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकण्याचा मानस होता, पण ऐकू कमी येत असल्याने तो सोडावा लागला. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पण ओढाताण थांबली नाही. मांस व अंडी त्यांना वर्ज्यच राहिली. क्रुसावरील लेख लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नको, असे त्यांनी विचारले. धर्मगुरूंचे म्हणणे त्या सदसद्विवेकाच्या कसोटीवर घासून पाहत. तेथील भगिनींना यात अहंकार दिसला. मला वाटते, त्यांपैकी काहींना ख्रिस्ती होणे आणि इंग्रज होणे यांतला भेद उमगला नव्हता. मायदेशी स्वकीय त्यांना परके म्हणत, तर परदेशात धर्मबंधू हट्टी म्हणत. दोन्हीकडे मान्यतेला अट होतीच.

१८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. बाहेरून पाहता सारे यश होते. मात्र १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले आणि एक रिकामी जागा उघडी पडली. ख्रिस्ती धर्म आपण पत्करला, त्याची मते पारखून घेतली, पण ख्रिस्त आपल्याला भेटला नाही, असे त्यांना दिसून आले. लहानपणापासून त्या व्रते, उपवास, पाठांतर यांनी स्वतःला पात्र करीत आल्या होत्या. माझ्या मते बाप्तिस्म्यानंतरही ते पात्र होणे चालूच होते, फक्त साधने बदलली होती. योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात प्रभूचा स्वीकार करणाऱ्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार मिळतो, असा अभिप्राय आहे. तो अधिकार कमवायचा नसतो, तो दिलेला असतो. हे त्यांच्या ध्यानी आले, आणि पापी असतानाच आपण स्वीकारले गेलो आहोत हे त्यांनी मान्य केले.

याचा परिणाम लवकरच दिसला. त्या खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत व काही मुली आपण होऊन येऊन बसत. पुण्यात गहजब झाला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी ना दार लावले, ना कोणाची मनधरणी केली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्या खंगलेल्या चेहऱ्यांत त्यांना स्वतःचेच कोवळे वय दिसले. जे दुःख विसरावे असे कोणालाही वाटेल, तेच आता त्यांच्या हातचे काम झाले.

भाषांतराच्या कामात माझे आयुष्य गेले, म्हणून त्यांच्या शेवटच्या कार्यापाशी मी अंमळ रेंगाळतो. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी एकटीने पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर होते. खेड्यातल्या बाईला ते कळत नसे, शिवाय कित्येक शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास होता. तेव्हा ज्या संस्कृताने त्यांना पदवी दिली होती, तेच त्यांनी बाजूला ठेवले आणि मुक्तीतल्या मुलींना समजेल असे साधे मराठी योजिले. हे भाषांतर शब्दशः आहे. काही ठिकाणी ते ठेचकाळते, हेही सांगितले पाहिजे. पण त्यात विद्वत्तेचे प्रदर्शन कोठेही आढळत नाही.

१९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. त्या दुःखातही काम थांबले नाही. भाषांतर पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. १९२४ साली संपूर्ण ग्रंथ केडगावी प्रसिद्ध झाला. त्याचे खिळे मुक्तीच्याच स्त्रियांनी जुळविले होते.