गरजेला वाचा फोडणारी कल्याणकन्या

अर्थशास्त्रात गरज आणि मागणी यांत भेद केला जातो. पोटात भूक असून गाठीला पैसा नसेल, तर ती गरज खरी असली तरी बाजार तिची दखल घेत नाही. आरोग्याच्या बाबतीत हा भेद अधिक निर्दय ठरतो. कारण तेथे पैशाइतकीच वाचाही लागते. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याची गरज सरकारदरबारीही नोंदली जात नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव पाठ्यपुस्तकांत येते ते स्त्री-डॉक्टरांच्या परंपरेतील पहिले म्हणून. वस्तुतः मुक्या गरजेचे सार्वजनिक मागणीत रूपांतर करणे, हे त्यांचे त्याहून मोठे कार्य होय.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचे बालपण कल्याणात गेले. जोशी घराणे एकेकाळी सुस्थितीतले, पुढे ओढग्रस्त झालेले. नवव्या वर्षी तिचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी या वयाने बऱ्याच मोठ्या बिजवराशी झाला आणि यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत वैद्यकीय मदतीअभावी दगावले. त्या काळी रुग्णालये नव्हती असे नाही. मुंबईत जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून होते. आगगाडी १८५४ मध्येच कल्याणला पोहोचली होती. परंतु बाळंतिणीची खोली आणि रुग्णालय यांतील अंतर मैलांत मोजण्याजोगे नव्हते. परपुरुषापुढे दुखणे उघड करावयाचे नाही आणि स्त्री-डॉक्टर तर कोठेच नाही, अशा कोंडीत हजारो स्त्रिया निमूटपणे मरत होत्या.

ही कोंडी फुटण्यास एक छापील पत्र निमित्त झाले. गोपाळराव हट्टी, प्रसंगी कठोर; परंतु पत्नीच्या शिक्षणाचा त्यांना ध्यास होता. १८७८ मध्ये कोल्हापुरातून त्यांनी अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांना त्यासाठी साहाय्य मागणारे पत्र लिहिले. धर्मांतराची अपेक्षा सुचवणाऱ्या उत्तरासह ते ‘मिशनरी रिव्ह्यू’त प्रसिद्ध झाले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती थिओडोशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे खोळंबून असता तो अंक चाळला आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. ज्या नियतकालिकाचा हेतू निराळा होता, त्याच्याच पानांतून एका हिंदू तरुणीला सातासमुद्रांपलीकडे मावशी लाभली. छापील शब्द कोणाच्या हाती पडेल, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते!

तथापि, खरी कसोटी पुढे होती. परदेशगमनावर स्वकीयांनी टीकेची झोड उठविली, तेव्हा १८८३ च्या आरंभी बंगालमधील सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात अठरा वर्षांच्याही आतल्या आनंदीबाई स्वतः उभ्या राहिल्या. त्यांनी सहानुभूतीची याचना केली नाही. आक्षेप एकामागून एक घेऊन त्यांची उत्तरे दिली. पुरुष डॉक्टरकडे जाण्यास येथील स्त्रिया संकोचतात, म्हणून या देशास स्त्री-डॉक्टर हव्यात, हे त्यांचे सूत्र होते. आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असेही त्यांनी बजावले. या भाषणाला प्रसिद्धी मिळाली आणि ठिकठिकाणांहून साहाय्य येऊ लागले.

एप्रिल १८८३ मध्ये त्या निघाल्या. पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात हिंदू प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळविली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाचे प्रमुखपद त्यांची वाट पाहत होते. परंतु क्षयाने जर्जर होऊन परतलेल्या आनंदीबाईंचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले. त्या पदाचे काम करणे त्यांच्या नशिबी नव्हते.

मग हे आयुष्य विफल म्हणावे काय? तसे म्हणणे उथळपणाचे होईल. हा आवाज एकटा नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली होती. १८८५ मध्ये लेडी डफरिन निधी स्थापन झाला, १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. १८९४ मध्ये रखमाबाई लंडनहून डॉक्टर झाल्या. गरज जुनीच होती. ती उच्चारली गेली, छापली गेली, तेव्हा तिच्यासाठी दालने उघडू लागली.

आज कल्याण-डोंबिवलीत स्त्री-डॉक्टरांच्या पाट्या ठायीठायी दिसतात. परंतु त्याच ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील गरोदर स्त्रीला अवघड वेळी दूरच्या शहराकडेच पाहावे लागते. रुग्णालयाचे अंतर तिला आजही मैलांत मोजता येत नाही. रस्ता, वाहन, मजुरी बुडण्याचे भय आणि दरडावणाऱ्या खिडकीचा धाक, हे सारे त्यात मिळवावे लागते. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होते. गावकऱ्यांनी आरोग्यकेंद्राच्या कामाचे गुणपत्रक स्वतः भरावे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखवावे, ही त्यामागील कल्पना. सेरामपूरच्या सभेचेच तत्त्व येथे पाड्यावर आले.

इमारती आणि अनुदाने लागतातच. किंबहुना त्यांवाचून काहीच होत नाही. पण ती कोठे जावीत, हे ज्यांचा आवाज ऐकू येतो तेच ठरवितात. म्हणून स्थानिक वृत्तपत्राचा स्तंभ, ग्रामसभेचा ठराव, आशा कार्यकर्तीची वही यांना औषधांच्या साठ्याइतकेच मोल आहे. आनंदीबाईंची जयंती कल्याणात साजरी करताना पाड्यावरच्या एखाद्या मातेला व्यासपीठ देऊन तिची अडचण तिच्याच तोंडून ऐकली, तर पुष्पहाराहून ते अधिक उचित ठरेल.