किण्वाचे अभ्यासक लुई पाश्चर

थंडी पडली म्हणजे कृष्णेच्या कांठीं गुऱ्हाळें सुरू होतात. कराड-वाळव्याकडील आमच्या विद्यार्थ्यांस तो घमघमाट वर्णून सांगावयास नको. त्यांनीं एक गोष्ट पाहिली असेल. चरकांतून निघालेला रस सकाळीं ठेविला तर संध्याकाळपर्यंत फसफसूं लागतो. परंतु त्याच रसाची काहिलींत आटविलेली काकवी बरणींत महिनेच्या महिने टिकते. असें कां व्हावें? या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ ज्यांच्या हातून झाला, त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजीं फ्रान्स देशांतील दोल या गांवीं झाला. त्यांचे वडील पूर्वीं नेपोलियनच्या सैन्यांत होते. पुढें ते कातडीं कमावण्याचा धंदा करीत. शाळेंत लुई विशेष हुशार गणले जात नसत; चित्रें मात्र सुरेख काढीत. १८४२ सालीं पॅरिस येथील एका नामांकित विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत ते उत्तीर्ण झाले, पण नंबर खालचा लागला. तेवढ्यावर समाधान न मानतां त्यांनीं प्रवेश नाकारिला, वर्षभर पुन्हा अभ्यास केला, आणि वरचा नंबर मिळवूनच ते त्या विद्यालयांत गेले.

१८५४ सालीं ते लिल शहरीं प्राध्यापक झाले. दोन वर्षांनीं तेथील एक कारखानदार त्यांजकडे आला. बीटाच्या रसापासून तो मद्यार्क करीत असे. परंतु कांहीं पिपें वारंवार नासत व मोठें नुकसान होई. पाश्चर यांनीं सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन थेंब तपासले. चांगल्या पिपांत वाटोळ्या किण्वपेशी, म्हणजे पाववाल्याच्या यीस्टचे कण, दिसत. नासलेल्या पिपांत दुसरेच बारीक काडीसारखे जीव आढळत.

त्या काळीं लीबिग यांसारखे मोठे रसायनशास्त्रज्ञ आंबणें ही निर्जीव पदार्थांच्या कुजण्याची क्रिया मानीत. तें सजीवांचें कार्य आहे असें पाश्चर यांनीं १८५७ पासून प्रयोगांनीं दाखविलें. साखरेपासून मद्यार्काबरोबर थोडें ग्लिसरीनही उत्पन्न होतें, हेंही त्यांनींच शोधिलें. पुढें १८६१ सालीं त्यांस दिसून आलें कीं, हवा मिळाली तर किण्व जोमानें वाढतें, पण मद्यार्क कमी करितें. म्हणजे परिस्थिति पालटली कीं हा लहानसा जीव आपली रीत पालटतो.

या काळांत त्यांच्या घरावर दुःखाचे डोंगर कोसळले. पांच मुलांपैकीं तीन मुली दगावल्या. त्यांतील दोघी विषमज्वरानें. १८६८ सालीं, पंचेचाळिसाव्या वर्षीं, त्यांच्या डाव्या अंगावरून वारें गेलें. तरी त्यांनीं प्रयोगशाळा सोडिली नाहीं. सूक्ष्म जीव रस नासवितात, तर ते शरीरांतही रोग उत्पन्न करीत असले पाहिजेत, या विचारानें ते पुढें गेले. ६ जुलै १८८५ रोजीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला त्यांच्या देखरेखीखालीं पहिली लस टोंचण्यांत आली, आणि तो मुलगा वांचला. त्यांच्याच शिकवणुकींतून लिस्टर यांनीं जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धति काढिली. २८ सप्टेंबर १८९५ रोजीं पाश्चर निवर्तले.

त्यांचें सर्वच म्हणणें टिकलें असें नाहीं. जिवंत पेशीवांचून किण्वन होत नाहीं असें ते मानीत. पण १८९७ सालीं बुख्नर यांनीं पेशी चिरडून काढलेल्या रसानेंही तें घडवून दाखविलें. त्यायोगें पाश्चर लहान होत नाहींत. त्यांनीं घातलेल्या पायावरच पुढची भिंत चढली.

आतां काकवीकडे वळूं. भोंवतीं साखर दाट झाली कीं पेशींतील पाणी बाहेर ओढलें जातें व ती सुकूं लागते. ही संकटाची वर्दी पेशीच्या आवरणावरील प्रथिनें ओळखतात. एक प्रथिन दुसऱ्यावर फॉस्फेटाचा कण चढवितें, दुसरें तिसऱ्यावर, आणि निरोप पेशीकेंद्रापर्यंत पोंचतो. मग पेशी ग्लिसरीन तयार करून आंत सांठविते व पाणी परत येतें. या सांखळीचा मुख्य दुवा १९९३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं उघडकीस आणिला. विशेष हें कीं, काम झालें म्हणजे निरोप थांबविला जातो. तो अनिर्बंध चालूं राहिला तर पेशीच मरते. काकवींत मात्र साखर इतकी दाट असते कीं, साध्या किण्वाचा हा उपायही थिटा पडतो. रसांतलें किण्व उकळीनें मेलेलें असतें, आणि मागाहून हवेंतून पडलेलें वाढूं शकत नाहीं.

ज्या ग्लिसरीनाची पाश्चर यांनीं नोंद केली, त्याचें प्रयोजन कळावयास शतकाहून अधिक काळ लागला. म्हणून विद्यार्थिमित्रांस आमचें सांगणें इतकेंच, कीं प्रयोगवहींत दिसेल तें सर्व लिहावें. क्षुल्लक म्हणून कांहीं गाळूं नये.