लाल दऱ्यांचा एकहाती वाटाड्या

मैत्रिणींनो, अमेरिकेत ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅन्यन नावाची अफाट लाल दरी आहे. तिथं जाणकार वाटाड्यांबरोबर पायी फिरत खडकांची माहिती घेता येते. दरीच्या काठावर २०१० पासून एक खास पायवाटही आहे. तिच्यावर एक मीटर चाललं की पृथ्वीची दहा लाख वर्षं मागे पडतात! मला मात्र तिथल्या खडकांपेक्षाही ते वाचायला शिकवणारा माणूस जास्त आवडतो. त्याचं नाव जॉन वेस्ली पॉवेल.

जॉनचा जन्म १८३४ चा. वडील धर्मोपदेशक, गुलामगिरीचे विरोधक. त्यापायी शाळेत पोरं जॉनला दगड मारायची. शेवटी शेजारच्या एका निसर्गवेड्या गृहस्थानं त्याला शिकवलं. पुस्तकं होतीच, पण खरी शाळा रानात भरायची!

१८६१ मध्ये मामाच्या मुलीशी, एमाशी, त्याचं लग्न झालं. लगेच पुढच्या वर्षी शायलोच्या लढाईत उजव्या हाताला गोळी लागली आणि कोपराखालचा हात कापावा लागला. नवी नवरी रडत बसली नाही. एमानं त्याची शुश्रूषा केली, छावणीत सोबत राहिली. पुढे जॉन भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांना घेऊन १८६७ मध्ये तो कोलोरॅडोच्या डोंगरांत गेला, तेव्हा पाइक्स पीक हे चार हजार मीटरहून उंच शिखर एमाही चढली. लांब झग्याच्या त्या काळात, बरं का!

२४ मे १८६९ ला दहा माणसं चार होड्यांतून निघाली. पुढच्या होडीचं नाव होतं ‘एमा डीन’, बायकोचं माहेरचं नाव! पंधरवड्यातच एक होडी फुटली, शिधा वाहून गेला. एकदा जॉन कड्यावर अडकला. वर सरकता येईना, खाली उतरता येईना. सोबत्यानं चक्क आपली लांब विजार काढून खाली सोडली आणि जॉननं ती एकुलत्या एक हातानं पकडली. २८ ऑगस्टला तिघं कंटाळून दरीबाहेर पडले. ते मारले गेले. उरलेले सहाजण दोनच दिवसांत सुखरूप बाहेर आले.

या प्रवासात जॉननं खडकांचे थर पाहिले आणि मधली कोट्यवधी वर्षांची पानं गायब आहेत हे ओळखलं. तळाशी सुमारे १७५ कोटी वर्षांपूर्वीचा खडक आहे. त्याचं नाव ऐकून मी उडालेच... विष्णू! जॉनचे सहकारी डटन यांनी तिथल्या सुळक्यांना विष्णू, शिव अशी नावं दिली होती. तिथल्या पायूट लोकांना या वाटा आधीपासून ठाऊक होत्या. जॉननं त्यांच्या भाषेतले शब्दही टिपून ठेवले.

१८८१ ते १८९४ तो सरकारी भूगर्भ खात्याचा प्रमुख होता. या कोरड्या मुलखात जमीन भरपूर, पण पाणी तेवढं नाही, असं तो सांगत राहिला. १८९३ मध्ये लॉस एंजलिसच्या सभेत हेच सांगितलं, तर लोकांनी हुर्यो उडवली! १९०२ मध्ये तो गेला.

पुढे त्याच नदीवर धरण झालं आणि जलाशयाला त्याचंच नाव दिलं. २०२३ मध्ये या पॉवेल तलावाची पातळी तो भरल्यापासूनच्या नीचांकाला गेली. हंड्यात किती पाणी आहे ते बघून खर्च करायचा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्या सभेत आपल्यासारख्या चारजणी असत्या, तर त्याचं ऐकलं गेलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.