नाना शंकरशेट आणि कोकणची आगगाडी

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडी आहे. गडावर दूध घालावयास गेलेली गवळण, दरवाजे बंद झाल्यावर, तान्ह्या मुलाच्या ओढीने अंधारात कडा उतरून आली, ही कथा महाडच्या पोराटोरांसही ठाऊक आहे. तिच्या धैर्याचे कौतुक सर्वांनी करावे. परंतु वाटेअभावी आईस जीव पणास लावावा लागला, यात समाजास भूषण ते कोणते? वाट करून देणे हे समाजाचे कर्तव्य होय. हे कर्तव्य ज्यांनी वेळीच ओळखले, त्यांत नाना शंकरशेट यांचे नाव अग्रभागी येते.

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. ऐन तारुण्यात वडील वारले व मोठी संपत्ती हाती आली. ती त्यांनी चैनीत न उडविता लोककार्यास लाविली. सतीच्या दुष्ट चालीस त्यांनी विरोध केला. मुलींना शिकविणे लोकांस अनिष्ट वाटे, त्या काळी आपल्या गिरगावच्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. आणि १८५२ साली बाँबे असोसिएशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

१८४५ साली मुंबईत आगगाडीची खटपट सुरू झाली, तीत नाना व सर जमशेटजी जिजीभाई हे प्रमुख होते. १८४९ साली पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीस अधिकार मिळाले, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे व सुमारे चारशे उतारू घेऊन पहिली गाडी बोरीबंदराहून २१ मैलांवरील ठाण्यास पोहोचली. १८६३ साली बोरघाटाचा मार्ग पुरा झाला. ३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले.

पुढे रूळ वळले ते मुख्यत्वे कापसाच्या मुलखाकडे. दक्षिण कोकणाने गिरण्यांस माणसे पुरविली. पण त्या माणसांस गावी जाण्यास बोट आणि पायवाट यांचाच आधार राहिला. कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले, महाड तालुक्यातील वीर येथे गाडी १९९३ साली आली, आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. ठाण्याहून वीरपर्यंत येण्यास आगगाडीला १४० वर्षे लागली!

१९९६ साली हिरकणीवाडीपासून गडावर रज्जुमार्गही झाला, आणि पाहुणा आता काही मिनिटांत वर जातो. परंतु वाडीतील मुलीस वरच्या वर्गाची शाळा व बाळंतिणीस दवाखाना तितक्याच सुलभतेने गाठता येतो काय, हा प्रश्न मुंबईत नाव कमावलेल्या प्रत्येक कोकणवासीयाने स्वतःस विचारावा. नानांनी आगगाडी आणि मुलींची शाळा ही दोन कामे निराळी मानली नाहीत. त्यांचे पुतळे पुष्कळ झाले. आता त्यांचा कित्ता गिरविणारे हवेत.