रवाहिया मदरशातील एक खोली : इमाम नववी (रह.) यांचे विद्यार्थिजीवन

आपल्या घरातील कपाटात 'रियाजुस्सालिहीन' हा ग्रंथ बहुधा असेल. मुलांना आपण ज्या चाळीस हदीसा पाठ करावयास देतो, त्याही याच ग्रंथकाराने संकलित केलेल्या. आणि आपण कोकणातील असाल, तर वुजू आणि नमाजपासून निकाह आणि वारसाहक्कापर्यंतचे अनेक मसले या माणसाच्या लेखणीतून गाळून आपल्यापर्यंत आले आहेत. कारण शाफिई फिकहमध्ये 'मिन्हाजुत्तालिबीन'ला जे स्थान आहे ते फार थोड्या ग्रंथांना लाभले. मात्र ग्रंथ लिहिणारा इमाम आपल्याला ठाऊक असतो, वसतिगृहात राहणारा मुलगा आपण विसरतो. आज त्या मुलाकडे पाहू या.

दमास्कसच्या दक्षिणेस हौरान नावाचा प्रदेश आहे. तेथील नवा या गावी हिजरी 631 च्या मुहर्रममध्ये, म्हणजे इ.स. 1233 मध्ये, यह्या बिन शरफ यांचा जन्म झाला. वडिलांचे लहानसे दुकान होते. बरोबरीची मुले बळेच खेळावयास ओढीत असता हा दहा वर्षांचा पोर रडत रडत कुरआन पढत पळून जाई. ते दृश्य शेख यासीन मराकुशी यांनी पाहिले आणि मुलाच्या उस्तादांना त्याच्याकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले. वडिलांनी त्याला दुकानावर बसविले होते, परंतु देवघेवीत त्याचे मन लागेना. वडिलांनी हट्ट धरला नाही, ही गोष्ट मला मुलाच्या बुद्धिमत्तेइतकीच महत्त्वाची वाटते. हिजरी 649 मध्ये ते स्वतः मुलाला घेऊन दमास्कसला आले. तेव्हा यह्यांचे वय अठरा-एकोणीस वर्षांचे होते. आजच्या हिशेबाने उशीरच झालेला.

त्या काळी दमास्कस हे मदरशांचे शहर होते. उमवी जामे मशिदीच्या भोवती अनेक मदरसे होते. कुणी सुलतानाने बांधलेला, कुणी अमिराने, तर कुणी व्यापाऱ्याने वक्फ केलेला. प्रत्येकाचे उत्पन्न वेगळे, शिकविणारे वेगळे आणि विद्यार्थ्यांना मिळणारा शिधाही वेगळा. शहरात नव्याने आलेल्या मुलापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो विद्येचा नव्हे, निवाऱ्याचा. ज्या थोर उस्तादांकडे त्याला प्रथम नेण्यात आले, त्या ताजुद्दीन फजारी यांच्याकडे राहण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांनी त्याला रवाहिया मदरशात शेख इसहाक मगरिबी यांच्याकडे पाठविले. इब्ने रवाहा या व्यापाऱ्याने वक्फ केलेला हा मदरसा जामे मशिदीला लागूनच होता आणि तेथे विद्यार्थ्यांना खोल्या मिळत. यह्यांना जी खोली मिळाली ती इतकी चिंचोळी की पुढे ती पुस्तकांनी भरल्यावर भेटीस आलेल्या पाहुण्याला बसावयास जागा करण्यासाठी ग्रंथ एकावर एक रचावे लागत.

या खोलीत राहून त्यांनी साडेचार महिन्यांत अबू इसहाक शिराझी यांचे 'तंबीह' पाठ केले आणि उरलेल्या वर्षात त्याच लेखकाच्या 'मुहज्जब'चा चौथा हिस्सा. या सुरुवातीच्या दिवसांतील एक प्रसंग त्यांनी स्वतःच शिष्यांना सांगितला होता. 'तंबीह'मध्ये गुसल वाजिब होण्याच्या एका कारणाचा शब्द त्यांना नीट कळला नाही. पोटातून गुरगुर आवाज येणे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला आणि पोट वाजले की थंड पाण्याने आंघोळ करू लागले. अंगाची कातडी फुटेपर्यंत हे चालले होते! हसू येते खरे. पण हाच मुलगा पुढे शब्दान् शब्दाचा अर्थ उलगडून सांगण्यासाठी 'तंबीह'च्या शब्दांवर स्वतंत्र ग्रंथ लिहितो, हे लक्षात ठेवा.

हिजरी 651 मध्ये वडिलांबरोबर त्यांनी हज केला. नव्याहून निघाल्यापासून अरफातच्या दिवसापर्यंत ताप अंगात होता, पण त्यांच्या तोंडून कुरकुरीचा शब्द निघाला नाही. परतल्यावर अभ्यासाचा वेग वाढला. दिवसाला बारा दर्स! गझाली यांच्या 'वसीत'चे दोन, 'मुहज्जब'चा एक, सहीह मुस्लिमचा एक, दोन्ही सहीह एकत्र करणाऱ्या संग्रहाचा एक. शिवाय व्याकरण, भाषा, शब्दसिद्धी, उसूले फिकह, हदीस सांगणाऱ्यांची चरित्रे आणि अकीदा. वाचलेले नुसते वाचून सोडायचे नाही. जे अवघड आहे त्यावर टिपण करायचे, कठीण शब्द सोडवायचा. दोन वर्षे त्यांनी जमिनीला पाठ लावली नाही. झोप अनावर झाली की ग्रंथांना टेकून क्षणभर डोळे मिटायचे आणि पुन्हा उठायचे. जेवण दिवसातून एकदा, इशानंतर.

मध्यंतरी वैद्यक शिकावे असेही त्यांच्या मनात आले. इब्ने सीना यांचे 'कानून' त्यांनी विकत घेतले. काही दिवसांतच अंतःकरण काळवंडल्यासारखे झाले, हातातले काम सुचेना, तेव्हा ग्रंथ विकून टाकला आणि मन पूर्ववत झाले. यावरून कुणी वैद्यकाला हीन लेखू नये. ज्याने वैद्यक निवडले त्याने ते मनापासून शिकावे; यह्यांची वाट दुसरी होती आणि ती त्यांना वेळेवर कळली, एवढेच.

आता जेवणाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण मुलाला मदरशात घालताना पालक इमामाला सर्वांत जास्त प्रश्न भोजनाचेच विचारतात, आणि ते योग्यही आहे. मी स्वतः मदरशाच्या दस्तरखानावर वाढलो आहे. घंटा वाजली की कोण आधी धावते ते ठाऊक आहे. रवाहियात यह्यांचे पोट मदरशाकडून मिळणाऱ्या भाकरीवर चाले. पुढे ते आई-वडिलांकडून नव्याहून जे येई तेवढ्यावर राहू लागले. दमास्कसची फळे तर प्रसिद्ध, पण त्यांनी ती खाल्ली नाहीत. तेथील बऱ्याच बागा वक्फच्या किंवा अनाथांसारख्या पालकत्वाखालील लोकांच्या होत्या. त्या ज्या कराराने कसावयास दिल्या जात त्याच्या वैधतेविषयी फुकहामध्ये मतभेद होते. म्हणून हा मनुष्य फळांच्या शहरात फळांविना जगला. त्यांनी इतरांसाठी ते हराम ठरविले नाही. स्वतःच्या ताटापुरता निर्णय घेतला.

या भाकरीचा संबंध पुढे थेट राजदरबाराशी आला. हिजरी 665 मध्ये त्यांच्याकडे दारुल हदीस अशरफियाचे प्रमुखपद आले. त्या पदाच्या वेतनातले त्यांनी स्वतःवर काही खर्च केले नाही. तातारांविरुद्धच्या युद्धासाठी रयतेकडून द्रव्य घेण्याचा फतवा सुलतान बैबर्स यांना हवा होता. अनेक उलमांनी सह्या दिल्या, इमाम नववींनी दिली नाही. आधी महालातील सोने-दागिने विकले जावेत, मग रयतेकडे वळावे, अशी त्यांची अट होती. संतापलेल्या सुलतानाने त्यांचे वेतन तोडण्याचा हुकूम केला, तेव्हा तोडण्याजोगे वेतनच नाही असे त्यांना कळविण्यात आले, असे सांगतात. मग हा खातो काय? बाप गावाहून पाठवितो ते. आईबापांनी पाठविलेल्या शिदोरीची ताकद केवढी असते ती पाहा.

त्यांनी लग्न केले नाही, मालमत्ता केली नाही. हिजरी 676 मध्ये त्यांनी उसने आणलेले ग्रंथ ज्याचे त्याला परत केले, उस्तादांच्या कबरींवर जाऊन दुआ केली आणि बैतुल मुकद्दसची जियारत करून ते नव्याला आले. तेथेच आजार जडला. रजबच्या 24 तारखेला, इ.स. 1277 मध्ये, वडिलांच्या घरात त्यांचे निधन झाले. चांद्रवर्षांनी वय पंचेचाळीस. 'मुहज्जब'वरील त्यांचे विशाल भाष्य 'अल-मजमूअ' व्याजाच्या प्रकरणाशी येऊन थांबले होते. ज्या ग्रंथाचा चौथा हिस्सा त्यांनी रवाहियात पहिल्याच वर्षी पाठ केला होता, त्याचे भाष्य पुढे इतरांनी हाती घेतले.