पाच पाउंड उसने घेऊन सुरुवात केली आणि जगाला छोट्या रेल्वेचा नाद लावला

नव्वदच्या दशकात शाळेत असाल, तर एक खेळणं तुम्हाला नक्की आठवत असेल. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, चाकं, इटुकले नटबोल्ट आणि एक छोटा पाना. संध्याकाळभर खटपट केली की क्रेन तयार. दुसऱ्या दिवशी एक नट हरवला की घरभर बोंबाबोंब. कंपनी कुठलीही असो, आपण त्याला म्हणायचो मेकॅनो.

आता दुसरं चित्र बघा. एक मोठी खोली, टेबलावर अख्खं गाव. डोंगर, बोगदा, फलाट, सिग्नल, आणि त्यातून धावणारी हातभर लांबीची रेल्वे. ती चालवतोय कोण? तर साठीला आलेले आजोबा. याला म्हणतात मॉडेल रेल्वे. इंग्लंडमध्ये हा नाद इतका जुना आणि इतका पक्का आहे की रॉड स्टुअर्टसारखा रॉकस्टारही वर्षानुवर्षं घरात छोटं अमेरिकन शहर आणि त्यातली रेल्वे बांधत बसला होता. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय अनेकांनी पाहिलेलं असेल.

मेकॅनो आणि ब्रिटनमधली सगळ्यात गाजलेली छोटी रेल्वे, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आली. फ्रँक हॉर्नबी. आणि हा माणूस इंजिनिअर नव्हता, तर हिशेब लिहिणारा होता.

फ्रँक यांचा जन्म १५ मे १८६३ चा, लिव्हरपूलचा. वडील किराणा मालाचे व्यापारी. शाळेत पोराचं लक्ष नव्हतं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्याच पेढीवर रोखपाल म्हणून बसला. पण डोक्यात यंत्रांचं खूळ होतं. सॅम्युअल स्माइल्स नावाच्या लेखकाचं स्वतःच्या हिमतीवर मोठ्या झालेल्या माणसांवरचं पुस्तक त्याने वाचलं आणि आपणही काहीतरी शोध लावायचा, हे मनात बसलं. एकदा सुरू केलं की कधीच न थांबणारं यंत्र बनवायचा नादही करून झाला. असं यंत्र बनतच नाही, त्यामुळे त्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

१८८७ मध्ये क्लारा गोडफ्रॉय या शिक्षिकेशी लग्न झालं. पुढे रोलंड आणि डग्लस ही दोन मुलं झाली, एक मुलगीही झाली. १८९९ मध्ये वडील गेले, पेढी बंद पडली. फ्रँक यांचं वय तेव्हा छत्तीस. त्यांनी डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून नोकरी धरली. हे एलियट नाव लक्षात ठेवा.

त्याच सुमारास घरी पोरांसाठी पत्रा कापून खेळणी करणं चालू होतं. पूल, गाड्या, क्रेन. अडचण अशी की प्रत्येक खेळण्याला वेगळे भाग कापावे लागायचे. क्रेन मोडून पूल करायचा म्हटलं तर काहीच जुळायचं नाही. हॉर्नबी पुढे सांगत की रेल्वेच्या प्रवासात खिडकीतून एक क्रेन दिसली आणि उत्तर सापडलं. पट्ट्या सगळ्या एकाच रुंदीच्या घ्यायच्या आणि भोकं सगळीकडे सारख्याच अंतरावर, अर्ध्या इंचावर पाडायची. झालं. आता कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जोडता येते आणि जोडलेलं पुन्हा सोडवता येतं.

ऐकायला किती साधं वाटतं ना? पण याआधीची बहुतेक खेळणी एकदाच काहीतरी असायची. घोडा म्हणजे घोडा, गाडी म्हणजे गाडी. इथे एकाच डब्यात दहा खेळणी होती आणि ती कुठली, हे पोरगं ठरवणार होतं.

जानेवारी १९०१ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. त्यासाठी लागणारे पाच पाउंडही हॉर्नबींकडे नव्हते. ते दिले मालकाने, म्हणजे एलियट यांनी. नुसते पैसे देऊन ते थांबले नाहीत. भागीदार झाले, कामाला जागा दिली. १९०२ मध्ये पहिला सेट बाजारात आला. किंमत साडेसात शिलिंग, भाग सोळा प्रकारचे. नाव तेव्हा मेकॅनो नव्हतं, यंत्रशास्त्र सोपं करून सांगतो अशा अर्थाचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. लिव्हरपूल विद्यापीठातले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांना हे खेळणं आवडलं. त्यांनी शिफारस दिली आणि हॉर्नबींनी ती जाहिरातीत बरोबर वापरली. गड्याचं खरं डोकं इथे दिसतं. यंत्रापेक्षा माणसं कशी जोडायची हे त्यांना जास्त कळत होतं.

सुरुवातीची वर्षं नफा नव्हताच. पहिला थोडाफार नफा दिसला १९०६ मध्ये. १९०७ मध्ये मेकॅनो हे नाव नोंदवलं, हॉर्नबींनी नोकरी सोडली, स्वतःचा छोटा कारखाना टाकला. १९०८ मध्ये मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि नेमकं तेव्हा एलियट यांनी नव्या कंपनीत यायचं नाही असं ठरवलं. ज्यांच्या पाच पाउंडांवर पेटंट मिळालं, ते गोष्टीतून इथेच बाहेर पडतात. पुढे हॉर्नबी लखपती झाले, त्यांचं नाव घराघरात गेलं. एलियट हे नाव आज फक्त खेळण्यांच्या इतिहासात डोकं घालणाऱ्यांनाच माहीत असतं.

१९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं. तोवर इंग्लंडमधल्या पोरांच्या हातातल्या छोट्या रेल्वे बऱ्याचशा जर्मनीहून यायच्या. मार्कलिन, बिंग अशा कंपन्यांचा दबदबा होता. युद्धात तो माल बंद झाला आणि युद्धानंतर जर्मन खेळणं घ्यायला लोकांचं मन होईना. बाजार मोकळा होता. १९२० मध्ये हॉर्नबींची पहिली रेल्वे आली.

चावी भरायची, रुळावर ठेवायची, गाडी पळते. दोन रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. गंमत म्हणजे सुरुवातीच्या या गाड्याही नटबोल्टवर जोडलेल्या होत्या. मेकॅनोसारख्या खोलता यायच्या, मोडलेला भाग बदलता यायचा.

१९२५ मध्ये विजेवरचं इंजिन आणलं. पण त्याच्या एका प्रकारात घरातली वीज, मध्ये फक्त एक बल्ब ठेवून, थेट रुळांपर्यंत आणलेली होती. होय, जमिनीवर मांडलेले उघडे रूळ, शेजारी रांगणारं पोर, आणि रुळात घरची वीज! ते प्रकरण धोक्याचं आहे हे लवकरच लक्षात आलं आणि कमी दाबाच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या. छोटी रेल्वे आज पोरांच्या हातात निर्धास्त देता येते, ती ट्रान्सफॉर्मरच्या कृपेने.

पण चांगल्या गाड्या इतरही बनवत होते. नॉर्दम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीच्या गाड्या तर हॉर्नबीपेक्षा कितीतरी हुबेहूब होत्या, फक्त त्या पैसेवाल्या मोठ्या माणसांसाठी होत्या. मग हॉर्नबींनी वेगळं काय केलं?

त्यांनी पोराला गाडीबरोबर एक मोठी टोळी दिली.

याची सुरुवात मेकॅनोपासून झाली होती. १९१६ मध्ये त्यांनी मेकॅनोचं मासिक सुरू केलं. आधी ते चार पानी पत्रक होतं. पुढे त्यात खरे पूल, खऱ्या आगगाड्या, विमानं, जहाजं यांवर लेख येऊ लागले. १९१९ मध्ये मेकॅनोचा संघ निघाला. गावोगावच्या पोरांचे क्लब, वर एखादा मोठा माणूस प्रमुख, आणि सगळ्यांचे अध्यक्ष खुद्द हॉर्नबी. १९२५ पासून रेल्वेचं वेगळं वार्षिक पुस्तक येऊ लागलं. नावाला कॅटलॉग, पण आधी खरं इंजिन कसं चालतं ते सांगणारे लेख, मग मालाची यादी.

आणि १९२८ मध्ये कमाल झाली. हॉर्नबी रेल्वे कंपनी निघाली. ही खरी रेल्वे नव्हती, पोरांची सभासद संघटना होती. अर्ज भरला की कोटाला लावायचा बिल्ला आणि प्रमाणपत्र मिळायचं. गावात चार-सहा सभासद जमले की शाखा काढायची. मग एकाचे रूळ, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याचे मालडबे. वेळापत्रक लिहायचं, कुणी सिग्नल सांभाळायचा, कुणी सांधे बदलायचे, आणि गाडी वेळेत फलाटाला लावायची. काल घरात एकटाच गाडी गोल गोल फिरवणारा पोरगा आज रेल्वेचा नोकर झाला. धंदा म्हणून विचार केला तर ही चाल जबरदस्तच होती, कारण शाखेत गेलं की दुसऱ्याचा पूल दिसतो आणि मग आपल्यालाही पूल हवा होतो. पण नुसता धंदा म्हणून सोडून देता येत नाही. मॉडेल रेल्वेच्या क्लबांमध्ये मोठी माणसं आजही वेळापत्रक लावून गाड्या चालवतात, तोच खेळ इथे हजारो पोरांच्या हाती आला.

या टोळीला एक दार मात्र जवळपास बंद होतं. मेकॅनो म्हणजे मुलांचं इंजिनिअरिंग, रेल्वे म्हणजे मुलांची रेल्वे. जाहिराती, पुस्तकं, खोक्यावरची चित्रं, सगळीकडे मुलगा आणि फार तर त्याचा बाप. मुलींसाठी या कंपनीने पुढे बाहुलीचं घर काढलं. आणि बिन्स रोडच्या कारखान्यात हे डबे-इंजिनं जोडणाऱ्या हातांमध्ये मोठ्या संख्येने बायका होत्या. ज्या बाईने इंजिन जोडलं, तिच्या मुलीला त्या खोक्यावर जागा नव्हती. काळ तसा होता हे खरं, पण हा नाद पुरुषांचा ही समजूत पक्की करण्यात हॉर्नबींच्या खोक्यांचाही हात आहे.

आता थोडं नादखुळ्या मंडळींच्या भांडणाविषयी. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० चा, म्हणजे हॉर्नबीच्या गाडीपेक्षा दहा वर्षं जुना. असले लोक चाकातल्या आऱ्या मोजणारे. १९२७ च्या सुमारास हॉर्नबींनी फ्लाइंग स्कॉट्समन हे प्रसिद्ध इंजिन आणलं. खऱ्या इंजिनाला ओढणारी मोठी चाकं सहा, हॉर्नबीच्याला चार. बरं, रॉयल स्कॉट, लॉर्ड नेल्सन, केअरफिली कॅसल ही वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांची इंजिनंही याच सांगाड्यावर, फक्त रंग आणि नाव वेगळं. जाणकारांच्या डोळ्यांत ते खुपणारच. पोरांना मात्र हिरवा रंग आणि नाव पुरेसं होतं. हुबेहूब महत्त्वाचं की मजा, हा वाद या नादात कधीच मिटलेला नाही.

रेल्वेला शोभा म्हणून स्टेशनवरची माणसं, सामान, मग छोट्या मोटारी आल्या. १९३४ मध्ये त्या मोटारींना डिंकी हे नाव मिळालं आणि त्या रेल्वेला मागे टाकून स्वतःच जगभर पळाल्या. हातात मावणाऱ्या धातूच्या मोटारी जमवायचा शौक ज्यांना आहे, त्यांच्या वंशावळीत हे नाव येतंच.

१९३१ मध्ये हॉर्नबी लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून हुजूर पक्षाचे खासदार झाले. १९३५ पर्यंत संसदेत होते, पण तिथली कामगिरी सांगावी असं विशेष काही नाही. हृदयविकार आणि मधुमेह मागे लागले होते. २१ सप्टेंबर १९३६ ला ते गेले. मॅगल या लिव्हरपूलजवळच्या गावात त्यांचं दफन झालं. कारभार थोरला मुलगा रोलंडकडे गेला.

दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, हॉर्नबी डब्लो नावाची निम्म्या आकाराची रेल्वे आली. टेबलावर मावणारी. आता अख्खी जमीन अडवायची गरज नव्हती. याच मापाने इंग्लंडमधला आणखी एक वाद पोसला. या मापात खरा एक फूट म्हणजे ४ मिलिमीटर, पण रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हिशेब केला तर ते १८.८३ हवं. म्हणजे इंजिन बरोबर आणि रूळ अरुंद! बहुतेकांनी हे चालवून घेतलं. काहींना मात्र झोप लागेना. त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः हाताने घालायला सुरुवात केली. सव्वादोन मिलिमीटरसाठी माणसं किती वर्षं घालवू शकतात याला मर्यादा नाही.

कंपनीचा शेवट काही बरा झाला नाही. प्लास्टिकची स्वस्त खेळणी आली आणि धंदा बसला. १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्स या प्रतिस्पर्ध्याने कंपनी विकत घेतली. त्यांची स्वतःची ट्राय-अँग नावाची रेल्वे मार्गेट गावात बनत होती. त्यांनी स्वतःची रेल्वे चालू ठेवली, लिव्हरपूलची बंद केली, आणि नाव तेवढं हॉर्नबीचं उचललं. बिन्स रोडचा कारखाना १९७९ मध्ये कायमचा बंद झाला.

म्हणजे आज दुकानात हॉर्नबी लिहिलेलं नवं खोकं मिळतं, ते वंशाने प्रतिस्पर्ध्याचं आहे. फ्रँक हॉर्नबींची खरी गाडी बघायची तर जुन्या गाड्या जमवणाऱ्यांकडे जावं लागतं. त्यांची संघटना १९६९ मध्ये निघाली आणि ३२ मिलिमीटरच्या पत्र्याच्या रुळांवर ही मंडळी अजूनही चावी भरून त्या गाड्या पळवतात.